लोक म्हणजे कोण?



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सापूर्वी आपल्या मुलांनी येशूजन्माची नाटिका सादर केली होती. मिस्सा आटोपल्यावर मंडळी आवारात चहा-केक घेत एकमेकांना शुभेच्छा देत होती. तेवढ्यात एक आजी काठी टेकत माझ्याकडे आल्या. "फादर, नाटक लई चांगलं झालं बघा," त्या म्हणाल्या. "पण एक इचारू का? आपली मरियामाता दरसाली गोरी पोरच का हुती?"

मी हसलो. "आजी, पात्रे मी ठरवत नाही. सिस्टर आणि शिक्षिका ठरवतात," असे म्हणून मी वेळ मारून नेली. हे पूर्ण खरे नव्हते. पात्रांची यादी मंजुरीसाठी माझ्या टेबलावर आली होती आणि मी तिच्यावर सही केली होती.

आजींच्या मागे त्यांची नात उभी होती. सातवीतली मुलगी. तिला नाटिकेतले सगळ्यांचे संवाद पाठ होते. कोणी अडखळले की पडद्यामागून तीच शब्द पुरवायची. रंगाने काळीसावळी. सलग तीन वर्षे ती मेंढपाळ झाली होती. त्या रात्रीही खांद्यावर घोंगडे घेऊन ती उभी होती आणि जमिनीकडे पाहत होती.

आजींचा प्रश्न मला पुढे कित्येक दिवस छळत राहिला. आमच्यापैकी कोणीही 'काळी मुलगी नको' असे म्हटले नव्हते. म्हणण्याची गरजच पडली नाही. 'ही शोभून दिसेल' एवढेच आम्ही म्हणालो आणि सगळ्यांच्या माना हलल्या. अन्याय करायला वाईट माणसे लागतात असे आपल्याला वाटते. आमच्या त्या बैठकीत सगळी चांगली माणसे होती. मग त्या मुलीला तीन वर्षे घोंगड्यात कोणी ठेवले?

आज मला आपल्याशी याच प्रश्नावर थोडा विचार करायचा आहे.

नासरेथची मरिया ही गालीलातल्या एका खेड्यातली यहुदी मुलगी. विहिरीचे पाणी भरणारी, दळणकांडण करणारी, उन्हातान्हात राबणारी. ती दिसायला कशी होती हे शुभवर्तमान कुठेच सांगत नाही. तिचे गुलाबी गाल आणि निळे डोळे आपल्या घरांत आले ते युरोपातल्या चित्रांतून. त्या चित्रकारांची यात काही चूक नाही. प्रत्येक समाज आपल्या आईला आपल्या रंगात पाहतो, त्यांनी त्यांच्या रंगात पाहिले. नवल आपले आहे. आपण आपल्या आईलाही दुसऱ्यांच्या रंगात पाहायला शिकलो.

एका माणसाने तसे पाहायचे नाकारले होते. गोव्यातल्या सांतु इस्तेव्ह बेटावर १९०२ साली जन्मलेले चित्रकार आंजेलो दा फोन्सेका. श्रद्धावंत कॅथलिक घरातला हा तरुण शांतिनिकेतनात कला शिकून गोव्यात परतला आणि मरियामातेची चित्रे काढू लागला. त्याची मरिया साडी नेसणारी होती, गव्हाळ-सावळ्या रंगाची होती, आपल्या शेजारच्या घरातली वाटावी अशी. त्या काळच्या पोर्तुगीज गोव्यात अनेकांना हे रुचले नाही. देवमातेला असे दाखवणे हा त्यांना तिचा अपमान वाटला. शेवटी फोन्सेकांनी गोवा सोडला आणि ते पुण्याला आले. शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना जागा दिली. हा आश्रम अँग्लिकन लोकांचा होता. एका कॅथलिक चित्रकाराला त्याच्या स्वतःच्या माणसांत जी जागा मिळाली नाही, ती त्या अँग्लिकन आश्रमात मिळाली. १९६७ साली मृत्यू येईपर्यंत ते चित्रे काढत राहिले. आज गोव्यातच पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात त्यांची चित्रे जपून ठेवलेली आहेत.

'आपल्या आईचा रंग आपल्यासारखा आहे' एवढेच फोन्सेका म्हणत होते. त्यासाठी माणसाला गाव सोडावे लागावे?

आपण म्हणाल, फादर, ती जुनी गोष्ट झाली. नाही. रंग उजळवण्याचे वचन देणारी 'फेअर अँड लव्हली' क्रीम १९७५ साली बाजारात आली आणि पंचेचाळीस वर्षे त्याच नावाने घराघरात राहिली. २०२० साली जगभर वर्णद्वेषाची चर्चा झाली तेव्हा कंपनीने नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केले. त्याच वर्षी एका मोठ्या विवाह संकेतस्थळाने त्वचेच्या रंगावरून स्थळ निवडण्याची सोय काढून टाकली. अमेरिकेत राहणाऱ्या भारतीय वंशाच्या एका तरुणीने त्याविरुद्ध सह्या गोळा करायला सुरुवात केली होती. ट्यूबवरचे नाव बदलले, संकेतस्थळावरची खूण गेली. पण बाळंतिणीच्या खोलीत 'रंग कुणावर गेलाय?' हा प्रश्न अजून विचारला जातोच. स्थळ सांगायला आलेली मंडळी माझ्यासमोर बसून 'मुलगी सावळी आहे, पण स्वभावाने चांगली आहे' असे म्हणतात. त्या 'पण' या शब्दाचे ओझे ती मुलगी जन्मभर वाहते, हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही नसते.

आणि हे फक्त रंगापुरते नाही. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वेळी आपल्या मुलींचे पांढरे फ्रॉक दरवर्षी अधिक घेरदार, अधिक महाग होत चालले आहेत. कर्ज काढून गुजरीतून साज घेतल्याशिवाय लग्न शोभत नाही अशी घरे आपल्यात आहेत. एका बापाला मी विचारले, "तुम्हाला हे झेपत नाही, मुलीलाही नको आहे, मग कशाला?" ते म्हणाले, "फादर, आम्हाला काही नाही हो. पण लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील! मराठी घरातले हे सर्वात बलवान वाक्य असावे. पण हे लोक कोण? मी त्या बापाला विचारले तर ते शेजाऱ्यांकडे बोट दाखवतील. शेजाऱ्यांना विचारले तर ते पाहुण्यांकडे दाखवतील. पाहुणे म्हणतील, 'आमचे काही नाही हो, पण लोक...' सगळे गाव फिरून आलो तरी 'होय, मीच तो लोक' असे म्हणणारा एकही माणूस भेटणार नाही. तरीही सगळे त्याच्या हुकमात वागतात.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाचा ग्रंथ आम्हाला अभ्यासाला होता. 'बीइंग अँड टाइम' या नावाने जगभर ओळखला जाणारा हा ग्रंथ १९२७ सालचा. त्यात त्याने याच 'लोकां'बद्दल लिहिले आहे. आपण लोक जसे हसतात तसे हसतो, लोकांना जे सुंदर वाटते ते आपल्याला सुंदर वाटते. हे लोक म्हणजे अमुक माणूस नव्हे, तमुकही नव्हे, सगळ्यांची बेरीजही नव्हे. कोणीच नसलेला हा कोणीतरी आपले जगणे आपल्या हातून काढून घेतो, असे त्याचे म्हणणे. मला हे इतके पटले होते की परीक्षेत मी त्यावर पानेच्या पाने लिहिली.

पण त्या तत्त्वज्ञाचे पुढे काय झाले? चर्चमध्ये सेवेकरी असलेल्या बापाचा हा मुलगा. गर्दीबद्दल इतके खोल लिहिणारा हाच माणूस १९३३ साली हिटलरच्या पक्षाचा सभासद झाला. गर्दी म्हणजे काय हे कळणे वेगळे आणि गर्दीतून बाजूला होणे वेगळे. माझ्याकडेही तत्त्वज्ञानाची पदवी आहे, बंधू-भगिनींनो. नाटिकेच्या यादीवर सही करताना ती माझ्या काही उपयोगी पडली नाही.

मग उपाय काय? आजकाल एक उपदेश सर्रास ऐकू येतो : 'तू तुझ्यासारखी राहा, लोकांची पर्वा करू नकोस.' तरुणांच्या शिबिरात मीही तो केला आहे. उपदेश चांगला आहे, पण त्यात एक लबाडी लपलेली आहे. सगळे ओझे आपण त्या एकट्या मुलीच्या खांद्यावर टाकतो. तिला कमी लेखायचे आपण सगळ्यांनी आणि धीर मात्र तिने एकटीने धरायचा.

एकट्या माणसाला हे किती जड जाते याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. सॉलोमन अ‍ॅश हा पोलंडमधून मुलगा असताना अमेरिकेत गेलेला ज्यू मानसशास्त्रज्ञ. १९५०च्या सुमारास त्याने कॉलेजच्या विद्यार्थ्यांना खोलीत बसवून एका कार्डावर एक रेघ दाखवली आणि दुसऱ्या कार्डावर लहानमोठ्या तीन रेघा. पहिल्या रेघेएवढी कोणती, एवढेच ओळखायचे. बालवाडीतल्या मुलालाही जमावे असे काम. पण खोलीतल्या विद्यार्थ्यांत खरा परीक्षार्थी एकच असे, बाकीचे सगळे आधीच शिकवून ठेवलेले. ते ठरल्याप्रमाणे एकामागून एक तेच चुकीचे उत्तर मोठ्याने सांगत. मग या बिचाऱ्याची पाळी येई. डोळ्यांना एक दिसते आहे, कान दुसरेच ऐकत आहेत. अशा वेळी सुमारे एक तृतीयांश उत्तरे गर्दीच्या बाजूने, म्हणजे चुकीची, दिली गेली. दर चार जणांपैकी तीन जण निदान एकदा तरी वाकले. तीही काय, तर एका रेघेसाठी. तिथे ना लग्न मोडणार होते, ना नाव जाणार होते.

या प्रयोगाचा एवढाच भाग लोक सांगतात. मला त्याचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. अ‍ॅशने त्या गर्दीत एकच माणूस असा बसवला की जो खरे उत्तर देईल. फक्त एक. लगेच गर्दीचा जोर चौथ्या हिश्श्यावर आला. गर्दी जवळपास तेवढीच होती, परीक्षार्थी तसाच साधा होता. फक्त तो आता एकटा नव्हता. आणखी एक गोष्ट अ‍ॅशला दिसली. हा सोबती मध्येच काही निमित्ताने उठून बाहेर गेला, तरी त्याने दिलेला धीर बराचसा मागे उरत असे. पण तोच सोबती उलटून गर्दीला जाऊन मिळाला, तर परीक्षार्थीचा धीर खचत असे.

मला वाटते, स्वतःसारखे राहणे हे एकट्याचे शौर्य नाही. ती दोघांची गोष्ट आहे. एकाने खरे असायचे आणि दुसऱ्याने त्याच्या शेजारी बसायचे. म्हणून मी 'माझ्यात वेगळे असण्याचे धैर्य आहे का?' हा प्रश्न जरा बाजूला ठेवला आहे. त्याआधी मी स्वतःला विचारतो, 'माझ्यामुळे दुसऱ्या कोणाला स्वतःसारखे राहणे अवघड होते आहे का?'

इथे एक शंका येईल. मग काय, सगळ्या चालीरीती वाईटच? चारचौघांसारखे वागूच नये? तसे नाही. भाषा ही चारचौघांचीच असते. मिस्साच्या वेळी आपण सगळे एकदम उभे राहतो, एकदम गुडघे टेकतो, त्यात एक गोडी आहे. रीत माणसांना जोडते. मग जोडणारी रीत आणि चिरडणारी रीत यांतला फरक ओळखायचा कसा? मला एक साधी कसोटी सापडली आहे : ती रीत न पाळणाऱ्याचे काय होते ते पाहा. गुडघा दुखतो म्हणून एखादे आजोबा बाकावर बसून राहिले तर त्यांना कोणी कमी लेखत नाही. ती रीत निरोगी आहे. पण जी न पाळली तर, किंवा जिच्यात बसत नसलो तर, माणूस माणसांत मोजलाच जात नाही, ती रीत कितीही जुनी असो, कितीही सुंदर दिसो, तिची तपासणी झालीच पाहिजे.

अशी एक तपासणी आपल्याच जिल्ह्यात झाली. शिरोळ तालुक्यातले हेरवाड गाव आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. ४ मे २०२२ रोजी तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की पती वारल्यावर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात बंद. सुरगोंडा पाटील तेव्हा सरपंच होते. मूळ कल्पना करमाळ्याचे कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांची. कोरोनाने घराघरातले तरुण कर्ते पुरुष नेले होते आणि कोवळ्या वयाच्या बायका पांढऱ्या कपाळाने उरल्या होत्या. राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला ६ मे रोजी शंभर वर्षे होत होती, तेही निमित्त होते. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असे आवाहन केले.

आता विचार करा. हेरवाडच्या विधवेला त्याआधी कोणत्या कायद्याने बांगड्या घालायला मनाई केली होती? कोणत्याच नाही. मग ठरावाने बदलले काय? बांगड्या ती स्वतः फोडत नाही. तिचा हात दुसरे हात धरतात आणि तिसरे हात बांगड्या फोडतात. ते हात जावांचे, नणंदांचे, शेजारणींचे असतात. त्या रडत असतात, तिच्यावर त्यांचे प्रेमही असते, पण 'लोक काय म्हणतील' म्हणून त्या फोडतात. त्या ठरावाने गावातल्या हातांना मागे घेतले. 'लोक' नावाच्या त्या निराकार माणसाला गावाने एका सभेत बोलावले आणि तो आपणच आहोत हे कबूल केले.

त्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे आधी हेच मुंबईच्या नाभिकांना उमगले होते. विधवांचे केशवपन करण्याची चाल तेव्हा होती. १८९० साली सत्यशोधक कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने नाभिकांनी सभा घेतली आणि विधवांच्या डोक्यावर आम्ही वस्तरा चालवणार नाही असे ठरवले. शास्त्राचा वाद पंडित घालत राहोत, वस्तरा तर आमच्या हातात आहे ना! केवढा हा शहाणपणा! प्रत्येक दुष्ट रीतीच्या टोकाला कोणाचा तरी हात असतो. आणि हात नाही म्हणू शकतो.

एक सावधगिरी मात्र हवी. उद्या हेरवाडच्या एखाद्या माउलीला स्वतःहून कुंकू नको वाटले, तर 'लाव' म्हणून तिच्यावर जबरदस्ती करणे हीही तीच बेडी होईल. तिचे कपाळ तिचे आहे. लावणे तिचे, न लावणेही तिचे.

आपण ख्रिस्ती, आपल्यात असले काही नाही, असे म्हणण्याची घाई करू नका. लग्नघरी हळद लावण्याच्या वेळी 'काकू, तुम्ही जरा मागे थांबा' असे एका विधवा बाईला सांगितलेले मी माझ्या कानांनी ऐकले आहे. ती हसून मागे सरली आणि दिवसभर स्वयंपाकघरात राबत राहिली.

कोल्हापूरकरांना सोबत्याची ताकद सांगायला खरे तर अमेरिकेतल्या प्रयोगाची गरज नाही. गंगाराम कांबळे यांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पाण्याला हात लावला म्हणून मार खाल्लेल्या या अस्पृश्य समाजातल्या माणसाला शाहू महाराजांनी चहाचे हॉटेल काढायला मदत केली. पण गिऱ्हाईक कुठून येणार? त्याच्या हातचा चहा कोण पिणार? तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजू लागले. राजाला हुकूम काढता आला असता. पण हुकमाने माणूस चहा पितो, मान देत नाही. महाराज त्या हॉटेलात गिऱ्हाईक झाले, गंगारामचे सोबती झाले.

शुभवर्तमानात जक्कयाची कथा आहे. येशू यरिहोतून चालला होता. जक्कयाला त्याला पाहायचे होते, पण गर्दीमुळे दिसेना, कारण तो ठेंगणा होता. म्हणून तो धावत पुढे जाऊन झाडावर चढला. मी ही कथा शेकडो वेळा वाचली असेन. अलीकडे वाचताना एक साधी गोष्ट ध्यानात आली. ठेंगण्या माणसाला पुढे उभे केले तर कोणाचेच काही अडत नाही. तो कोणाच्या आड येत नाही, मागचे सगळे त्याच्या डोक्यावरून पाहू शकतात. म्हणजे अडचण जक्कयाच्या उंचीची नव्हतीच. कोणीतरी एकाने बाजूला सरून 'ये बाबा, पुढे उभा राहा' म्हणायला हवे होते, एवढेच. तो जकातदार होता, लोकांना नकोसा होता, म्हणून कोणी सरकले नाही.

येशूने काय केले? त्याने जक्कयाला धीट होण्यावर प्रवचन दिले नाही. झाडाखाली थांबून त्याने वर पाहिले, त्याला नावाने हाक मारली आणि 'आज तुझ्या घरी उतरणार' असे सांगितले. लोक कुरकुरले. आता ती कुरकुर एकट्या जक्कयाच्या वाट्याला नव्हती, येशूच्याही वाट्याला होती. मग जक्कय आपल्या पायांवर उभा राहिला आणि अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे बोलला. तो खरा कोण होता हे त्या दिवशी त्याला स्वतःलाही प्रथमच कळले असावे. नारळातल्या खोबऱ्यासारखा आपला 'मी' आत तयार असतो आणि वरचे कवच फोडले की मिळतो, असे नाही. कोणीतरी प्रेमाने नाव घेऊन हाक मारते, तेव्हा तो बाहेर येऊ लागतो.

आता आजींकडे परत येतो. पुढच्या पावसाळ्यात मी त्यांच्या घरी गेलो आणि खरे सांगितले, की यादीवर सही माझी होती. आजी म्हणाल्या, "मला सांगून काय करता? पोरीला सांगा." मी मुलीला सांगितले आणि मोठ्या उदारपणे म्हणालो, "यंदा मरिया तू." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नको फादर. मला मरिया व्हायचं नव्हतंच कधी. मला निवेदन करायचं होतं. पण मला कोणी विचारलंच नाही."

मी पुन्हा चुकलो होतो. आधी तिच्या रंगावरून तिची जागा मी ठरवली आणि मग तिच्या रंगावरूनच तिची भरपाईही मीच ठरवली. तिला काय हवे ते विचारायचे मात्र दोन्ही वेळा राहून गेले.

त्या नाताळला तिने निवेदन केले. नाटिका सुरू होण्यापूर्वी मी वेदीमागच्या खोलीत डोकावलो. तिसरीतली एक सावळी चिमुरडी त्या वर्षी मरिया झाली होती. कोणीतरी हौसेने पावडरचा डबा उघडून तिच्या गालांवर थापायला सुरुवात केली होती. आमची निवेदिका कागद सांभाळत तिथून चालली होती. ती थांबली. तिने काही भाषण केले नाही. डब्याला झाकण लावले, आपल्या ओढणीच्या टोकाने त्या पोरीचा गाल पुसला आणि म्हणाली, "आहे तशीच चल. मी इथंच बाजूला उभी आहे."

या आठवड्यात मी आपल्याकडे एवढेच मागतो. आपल्या घरात, गल्लीत, चर्चच्या बाकावर असे एक माणूस असेल की ज्याला आपण न बोलता मागे थांबवले आहे. त्याला आधी विचारा, त्याला काय हवे ते. आणि मग त्याच्या बाजूला उभे राहा. लोक काही म्हणतील. म्हणू द्या. त्या लोकांतून आपण एक कमी झालेले असू.

आपला,
धर्मगुरू